बरा झाला की, बरा झाला तर

अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या पिकनिकला नवीन ओळख झाली की पहिला प्रश्न ठरलेला, "तुम्ही काय करता?" बाकीच्या बायका टेस्टिंग, अकाउंटिंग, डेटा असं काहीतरी सांगतात आणि विषय पुढे सरकतो. मी "स्वाहिलीची दुभाषी आहे" म्हटलं की समोरच्याच्या हातातला वडा हातातच राहायचा. एका काकूंनी तर मला "म्हणजे तुम्ही धर्मप्रचार करता का?" असं विचारलं होतं. आता निवृत्त झाले आहे, त्यामुळे "दुभाषी होते" म्हणते. वडा तरीही हातातच राहतो.

तर आधी त्या कोड्याचं उत्तर देऊन टाकते. माझा जन्म टांगा इथला. हे टांझानियातल्या एका बंदराचं नाव आहे, घोड्याशी त्याचा काही संबंध नाही. वडील तिथे शाळेत गणित शिकवायचे. मराठी घरात, गुजराती दुकानात, इंग्रजी शाळेत आणि स्वाहिली उरलेल्या सगळ्या जगात, अशी आमची वाटणी होती. कॉलेजसाठी पुण्याला आले, लग्न झालं, सुधीरच्या नोकरीमागे शिकागोला आले आणि स्वाहिली जवळजवळ विसरले. निदान मला तसं वाटत होतं. मग डेव्हन ॲव्हेन्यूच्या आसपासच्या अपार्टमेंटांमध्ये काँगोची, स्वाहिली बोलणारी निर्वासित कुटुंबं येऊन राहू लागली. एकदा किराणा दुकानात एक बाई काउंटरवरच्या मुलाला जीव तोडून काहीतरी सांगत होती आणि तो तिला पुन्हा पुन्हा भेंडी दाखवत होता. मी मध्ये पडले. तिला शेंगदाणा नसलेलं तेल हवं होतं, तिच्या लेकाला शेंगदाणा चालत नव्हता. तिच्याबरोबरच्या समाजसेविकेने माझा नंबर मागून घेतला आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर माझी नोकरी सुरू झाली.

हॉस्पिटलमधल्या दुभाष्याचं काम बाहेरच्यांना सोपं वाटतं. ऐकायचं आणि सांगायचं. त्यातली पहिली अट अशी की स्वतःचं काही बोलायचं नाही. "डॉक्टर म्हणतात की" असंही म्हणायचं नाही. डॉक्टर "मी उद्या ऑपरेशन करणार" म्हणाले की मीही "मी उद्या ऑपरेशन करणार" असंच म्हणायचं. पेशंट "माझ्या पोटात पाय मारतंय" म्हणाली की माझ्याही पोटात पाय मारतंय. एका दिवसात मी सर्जन असायचे, पहिलटकरीण असायचे आणि दुपारी मधुमेह झालेले, साखर सोडायला अजिबात तयार नसलेले आजोबा असायचे. घरी आल्यावर सुधीर विचारायचा, "आज कोण होतीस?" आणि मी सांगू शकत नसे, कारण हॉस्पिटलमधलं घरी सांगायचं नाही ही दुसरी अट.

शब्द चुकण्याची भीती नवख्याला असते. मुरलेल्या दुभाष्याला भीती वाटते ती व्याकरणाची. माझी सगळ्यात मोठी धास्ती होती एक इवलंसं अक्षर, "कि".

ते समजायला मझी जुमांची गोष्ट पुरे. मझी म्हणजे वडीलधारे, आपल्या "काका"सारखं. त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं. त्याआधी नर्सने फोनवर सांगितलं की सकाळी काही खायचं नाही आणि खाल्लंत तर आम्हाला फोन करा. त्या दिवशी फोनवर कुठल्यातरी दुसऱ्या गावचा दुभाषी होता. त्याने सरळ स्वाहिली केलं, "उकिला, तुपिगिए सिमु." आता स्वाहिलीत "उ" म्हणजे तू, "ला" म्हणजे खाणे, आणि मधलं "कि" म्हणजे... इथेच घोळ आहे. ते "तर"ही आहे आणि "की"ही. "खाल्लंस तर फोन कर" आणि "खाल्लंस की फोन कर", दोन्हीला एकच वाक्य. मझी जुमा पहाटे उठले, बायकोकडून मक्याच्या पिठाची घट्ट उगाली आणि मासे करून घेतले, पोटभर जेवले आणि आज्ञाधारकपणे फोन केला, "जेवलो. आता येऊ का?"

ऑपरेशन पुढे गेलं. नर्स वैतागली. मी नंतर मझींना समजावायला गेले तर ते शांतपणे म्हणाले, "मुली, मला वाटलंच होतं की हे भले लोक आहेत. माणूस जेवला की नाही याची चौकशी करतात." नर्सला ते वाक्य मी जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं आणि तिचाही राग गेला. तेव्हापासून मी अशा ठिकाणी वाक्य फिरवून "कामा उमेकुला" म्हणायला लागले, म्हणजे "जर तुझं खाऊन झालं असेल". लांब पडतं, पण ऑपरेशन वाचतं.

आमच्या खात्यात लवाल नावाचा नायजेरियाचा एक गृहस्थ होता, हौसा भाषेचा दुभाषी. कँटीनमध्ये आम्ही जेवताना एकमेकांच्या भाषांची गाऱ्हाणी करायचो. मी त्याला "कि"चं रडगाणं ऐकवलं तर तो म्हणाला, "आमच्याकडेही तेच. 'इदान' म्हणजे तर आणि 'इदान' म्हणजे जेव्हा." मग थोडं थांबून म्हणाला, "पण जे झालंच नाही त्याला वेगळा शब्द आहे. 'दा'. 'दा ना सानी' म्हणजे 'मला माहीत असतं तर'. आणि आम्ही हे तीन शब्द जोडून एकच नाम केलंय, दानासानी. त्याचा अर्थ पश्चात्ताप." त्याचा भाऊ तिकडे नायजेरियात, कानो शहरात आजारी होता आणि व्हिसाच्या भानगडीत लवालला जाता आलं नव्हतं. भाऊ गेल्यावर तो पुन्हा कामावर आला त्या दिवशी मी त्याच्यासमोर डबा उघडून बसले आणि अर्धी भाजी त्याच्या ताटात वाढली.

आता जिच्यासाठी हे लिहायला बसले तिच्याकडे येते. वरची सगळी नावं मी बदलली आहेत. हिला मात्र लिहिण्याआधी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "सगळं बदल. माझ्या मुलाचं नाव बदलू नकोस."

मुलाचं नाव बराका. आपल्याकडे बरकत म्हणतात तोच शब्द. स्वाहिलीत बाईला मुलाच्या नावाने हाक मारतात, म्हणून ती मामा बराका. मूळची काँगोच्या पूर्वेकडची. लढाया सुरू झाल्यावर नवऱ्याबरोबर दोन देशांमधलं सरोवर ओलांडून टांझानियाच्या छावणीत आली. दोन्ही मुलं, बराका आणि नीमा, तिथेच जन्मली. नवरा तिथेच तापाने गेला. छावणीत इतकी वर्षं काढल्यामुळे तिची स्वाहिली माझ्या टांग्याच्या बोलीला बरीच जवळची होती, आणि पहिल्याच भेटीत ती मला "दादा" म्हणायला लागली. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण. मी वयाने तिच्याहून बरीच मोठी, पण कुणी दादा म्हटलं की मला टांग्याची गल्ली आठवते, त्यामुळे मी काही बोलले नाही.

बराका पावाच्या कारखान्यात कामाला होता. घरात कमावणारा तोच. फेब्रुवारीतल्या एका सकाळी तो सायकलवरून कामाला जात असताना बर्फावर एक गाडी घसरली आणि त्याला उडवून गेली. मी आयसीयूत पोचले तेव्हा तो व्हेंटिलेटरवर होता. डोक्याला बँडेज, बाकी अंगावर ओरखडाही नाही. झोपलेला दिसत होता. त्याची आई पायाशी उभी राहून त्याच्या तळव्यांना तेल लावत होती.

पहिल्या दिवशीच्या डॉक्टरांनी मेंदूला किती मार लागलाय ते सांगितलं. मी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अकिपोना, आपण त्याला घरी नेऊ. दुसऱ्या मजल्यावर राहतो आम्ही. जिना अरुंद आहे, त्याचं काहीतरी बघावं लागेल."

पोना म्हणजे बरं होणं. अ-कि-पोना. बरा झाला की. बरा झाला तर.

इंग्रजीत मला लगेच एक शब्द निवडणं भाग होतं आणि निवडणं माझ्या हातात नव्हतं. अशा वेळी नियमात जी एक सूट असते ती घेऊन मी म्हटलं, "दुभाषी स्वतः बोलते आहे. या शब्दाचा अर्थ 'इफ'ही होतो, 'व्हेन'ही होतो." डॉक्टर थकलेला तरुण होता, वाईट नव्हता. म्हणाला, "बरं, पण त्यातला कुठला?" मी म्हटलं, "ते शब्दावरून कळत नाही." मग तो म्हणाला, "मग तिला विचारा, नाही बरा झाला तर?"

यासाठी स्वाहिलीत शब्द स्वच्छ आहे, असिपोपोना. तिथे कुठलाही गोंधळ नाही. मी तो उच्चारला. मामा बराकाने माझ्याकडेही पाहिलं नाही, डॉक्टरकडेही नाही. तिने तेलाची बाटली पुन्हा उघडली आणि दुसरा तळवा हातात घेतला.

कोपऱ्यातल्या खुर्चीत नीमा बसली होती, जॅकेटची टोपी डोळ्यांपर्यंत ओढून. ती इथल्या हायस्कूलमध्ये जायची. तिला इंग्रजी सगळं समजत होतं. म्हणजे प्रत्येक वाईट बातमी त्या खोलीत दोनदा येत होती. आधी डॉक्टरच्या तोंडून नीमाला आणि मग माझ्या तोंडून तिच्या आईला. त्या मधल्या क्षणांत ती मुलगी माझ्याकडे ज्या नजरेने बघायची ती मला सोसायची नाही.

त्या डॉक्टरने फाइलमध्ये लिहिलं की आईला परिस्थिती समजलेली दिसत नाही. दुसऱ्या दिवशी मी कॉरिडॉरमध्ये सुधीरशी फोनवर बोलत होते, "अरे, पार्किंग मिळत नसेल तर घरी जा, मी बसने येते," तेवढ्यात मागून आवाज आला, "मावशी, तुम्ही मराठी?"

डॉ. संघमित्रा मेश्राम. नागपूरची. गंभीर आजारात घरच्यांशी बोलायचं, त्यांच्याबरोबर पुढचे निर्णय घ्यायचे, हे तिचं खास काम. बराकाची केस आता तिच्याकडे आली होती.

"मावशी, एक विचारू? मी नोट्स वाचल्या. ती 'बरा झाला की' म्हणाली का 'बरा झाला तर'?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी माझ्या भाषेत विचारला नव्हता. मी म्हटलं, "दोन्ही."

"दोन्ही कसं म्हणेल? एकतर हे म्हणेल, नाहीतर ते."

"आपल्याला म्हणावं लागतं डॉक्टर. तिला लागत नाही. तिच्याकडे शब्द एकच आहे. ती म्हणते तेव्हा तिच्या मनात काय आहे ते तिलाच ठाऊक. कदाचित तिलाही नसेल."

ती भिंतीला टेकून उभी राहिली. म्हणाली, "बाबांच्या वेळी आई असंच करायची. येईल त्याला सांगायची, हे बरे झाले की गच्चीचं काम काढायचंय. आम्ही भावंडं म्हणायचो, आईला कोणी सांगा रे. यार, तिला सगळं माहीत होतं. आमच्या आधी माहीत होतं." मग डोळे पुसून एकदम डॉक्टर झाली. "मग काय करू? तिला फोर्स नाही करायचंय मला."

"ते सांगणं माझ्या कामात बसत नाही."

"मावशी म्हणून सांगा."

"मग थोडं थांबा," मी म्हटलं.

ती थांबली. जितकं थांबता येण्यासारखं होतं तितकं थांबली. त्या दिवसांत ती रोज आत यायची, बराकाच्या पलंगाशी उभी राहायची आणि तब्येतीशिवाय दुसरं काहीतरी विचारायची. त्याला काय आवडायचं? मामा बराका सांगायची, फुटबॉल. पाव अजिबात नाही, दिवसभर पावाचा वास घेऊन घरी आला की भातच मागायचा. छावणीत असताना त्याने पत्र्याच्या डब्यांचा ट्रक केला होता आणि त्याला खरोखरीचे दिवे लावले होते. हे सगळं मी "माझा मुलगा" म्हणत इंग्रजीत सांगायचे. आणि शेवटी कुठेतरी यायचंच, अकिपोना.

मग तपासण्यांचे निकाल आले. आम्ही एका छोट्या खोलीत बसलो. मामा बराका, नीमा, तो तरुण डॉक्टर, संघमित्रा आणि तिच्या किंचित मागे मी. संघमित्राने सावकाश सांगितलं की श्वास यंत्र घेतं आहे, मेंदू सावरण्याची आशा उरलेली नाही. मी सांगितलं. मामा बराका खाली फरशीकडे बघत होती. मग संघमित्राने तिच्या कामात नेहमी विचारतात तो प्रश्न विचारला, "इफ बराका कुड टॉक टु अस टुडे, व्हॉट वुड ही से?"

इंग्रजीत हा प्रश्न फार मऊ आहे. त्यात कुणालाही काही बोचत नाही. पण मला तो स्वाहिलीत न्यायचा होता, आणि तिथे दोनच वाटा होत्या. "अकिवेझा कुसेमा" म्हटलं असतं तर त्याचा अर्थ झाला असता, त्याला बोलता आलं की तो काय म्हणेल. ते खोटं आश्वासन होतं. दुसरी वाट "न्गे" ह्या अक्षराची. अंगेवेझा. त्याला बोलता आलं असतं तर. जे नाही, ते ह्या अक्षराने सांगतात. डॉक्टरने इतका वेळ जे समजावलं होतं, मशीन, मेंदू, तपासण्या, ते सगळं ह्या एका अक्षरात मावत होतं, आणि ते आधी माझ्या तोंडून निघणार होतं.

मी म्हटलं, "अंगेवेझा कुसेमा, अंगेसेमा निनी?"

मामा बराकाने मान वर केली. इतक्या दिवसांत ती बोलताना नेहमी डॉक्टरकडे बघायची. आता तिने सरळ माझ्याकडे पाहिलं.

"दादा, तू 'अंगे' म्हणालीस."

मला उत्तर द्यायची मुभा नव्हती.

"हा शब्द तुझा आहे की डॉक्टरांचा?"

मी तो प्रश्न इंग्रजीत सांगितला. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. संघमित्रा खुर्चीतून उठली, मामा बराकासमोर फरशीवर गुडघे टेकून बसली, तिचे हात हातात घेतले आणि म्हणाली, "माझा. तो शब्द माझा आहे."

"नि लांगु," मी स्वाहिलीत म्हटलं. माझा आहे.

नीमाने टोपी आणखी खाली ओढली आणि हुंदके द्यायला लागली. मामा बराकाने तिला जवळ ओढून घेतलं. तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवली. तो तरुण डॉक्टर उठून खिडकीपाशी गेला. मग मामा बराका बोलायला लागली.

"अंगेसेमा, तो म्हणाला असता, मामा, त्या खुर्चीत किती बसशील, पाय सुजतील. म्हणाला असता, नीमाची शाळा बुडतेय. म्हणाला असता, मला इथे असं ठेवू नकोस, मला थंडी वाजते." आणि मग अगदी हळू, "माझ्यावर चिडला असता तो. त्याला कुणी ताटकळलेलं आवडत नाही."

प्रत्येक क्रियापदात ते अक्षर येत होतं. मी इंग्रजीत "ही वुड से, ही वुड से" म्हणत होते, आणि हे "वुड" इतकं हलकं आहे, कॉफी हवी का विचारतानाही लोक तेच वापरतात, की मला लाज वाटत होती. त्यात तिचं काहीच पोचत नाहीये असं वाटत होतं. नंतर बाहेर संघमित्रा मला म्हणाली, "मावशी, मी मनात मराठीतच ऐकत होते. म्हणाला असता, म्हणाला असता."

दुसऱ्या दिवशी दुपारी, यंत्र काढायच्या आधी, चर्चमधल्या बायका आल्या, पलंगाभोवती उभ्या राहून गायल्या. नर्स एकेक छोटं वाक्य बोलत होती. आता औषध देते, त्याला त्रास होणार नाही. आता नळी काढते. मी तेवढीच छोटी वाक्यं करत होते. मग नर्स बोलायची थांबली आणि मला काही काम उरलं नाही. बराकाचा श्वास थोडा वेळ चालला आणि थांबला. आईचा हात त्याच्या तळव्यावर होता. खाली गाडीत सुधीर वाट बघत होता. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि हीटर वाढवला.

हल्ली त्या हॉस्पिटलमध्ये चाकांवरच्या पडद्यात दुभाषी येतो. कधी माणूस, कधी नुसतं यंत्र. मी घरी एका यंत्राला "अकिपोना" ऐकवून पाहिलं. त्याने झटकन "इफ" सांगितलं, त्याला कसलाच संकोच वाटला नाही. मला नोकरी जाण्याचं दुःख नव्हतं, माझं वय झालंच होतं. पण "तो शब्द कुणाचा?" असं एखादीने त्या पडद्याला विचारलं तर काय होत असेल, हे मनातून जात नाही.

बराकाच्या अंत्यविधीला जाऊ का, म्हणून मी सुपरवायझरला विचारलं. दुभाष्यांनी सहसा जायचं नसतं. ती म्हणाली, "ओळखीची म्हणून जा, कामासाठी नको." चर्च म्हणजे पूर्वीच्या फर्निचरच्या दुकानाचा हॉल होता. पावाच्या कारखान्यातली माणसं कामाच्या कपड्यांतच आली होती आणि टोप्या हातात धरून मागे बसली होती. मी त्यांच्याच रांगेत बसले. पास्टर स्वाहिलीत बोलायला लागले. शेजारचा कारखान्यातला मुकादम ओशाळून इकडेतिकडे बघत होता, त्याला काही कळत नव्हतं. माझ्याने राहवलं नाही. मी त्याच्याकडे वाकून हळू आवाजात इंग्रजी करायला लागले. बराकाने नवीन आलेल्या किती जणांना कारखान्यात कामाला लावलं, ते पास्टर सांगत होते. मी सांगत होते, आवाज स्थिर ठेवून, सवयीने.

पुढच्या रांगेतून मामा बराका उठली. काळा कपडा डोक्यावरून घेतलेला. सगळा हॉल ओलांडून ती मागे आली आणि तिने माझा हात धरला.

"दादा, पुरे," ती म्हणाली. "इथे तू कामावर नाहीस. रड."

मुकादमासाठी चाललेलं वाक्य अर्धवट सोडून मी उठले. ती मला हात धरून पुढे घेऊन गेली, नीमा सरकली, त्या दोघींच्या मध्ये मी बसले, आणि रडले.